यजमानाची तिसरी हाक

अर्जाच्या सातव्या रकान्यात ‘यजमानाचे नाव’ असे छापले होते. अच्युत पाध्ये यांनी चष्मा पुसला आणि वळणदार अक्षरात तेथे आपले नाव लिहिले. ज्या गृहस्थाने कुडाळच्या शाळेत चौतीस वर्षे संस्कृत शिकवले, आणि ज्याचा उल्लेख पत्नी शेजारीपाजारी ‘आमचे यजमान’ असाच करीत आली, त्याने त्या रकान्यात दुसरे काय लिहावे?

आठ दिवसांनी कोल्हापूरच्या एका श्रवणकेंद्रातून रेवा तिरोडकर नावाची तिशीतली तंत्रज्ञ घरी आली. दाराबाहेर चपला काढून तिने जाड पुठ्ठ्याचे एक खोके आत आणले. त्यातून पावाच्या लादीएवढी राखाडी रंगाची संगणकपेटी निघाली. तिच्यावरचा पडदा उजळला आणि अक्षरे उमटली : ‘अच्युत सज्ज. पाहुण्याची प्रतीक्षा.’

“हे काय?” अच्युतराव दचकले.

रेवाने अर्ज उघडून पाहिला आणि ओठ दाबून हसू आवरले. “काका, यजमान म्हणजे हा संगणक. ज्याच्या आत दुसरं यंत्र पाहुणं म्हणून राहतं, त्याला आमच्यात यजमान म्हणतात. त्याला काहीतरी नाव द्यायचं असतं. लोक बहुतेक मांजराचं देतात.”

“मग बदला ते.”

“बदलता येत नाही. कायद्याची मोहोर लागली आहे.”

शेजारीच बसलेल्या मंजिरीबाईंना या संवादातले एक अक्षरही ऐकू आले नव्हते. रेवाने तो त्यांच्या मांडीवरच्या पाटीवर लिहून दाखवला. ही पाटी म्हणजे बोटाने लिहिण्याची पातळ काच होती. त्यांनी वाचले आणि त्या मोकळेपणाने हसल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांचे बोलणे हल्ली जरा उंच पट्टीत लागे.

“अहो, म्हणजे घरात आता दोन यजमान! एक बोलून बोलून दमवतो. दुसरा तरी गप्प बसेल ना?”

दुसऱ्याने नेमके गप्प बसू नये यासाठीच तर हा सारा खटाटोप होता.

मंजिरी पाध्ये हार्मोनियम लावीत असत. दक्षिण कोकणात भजनाची पेटी नाही असे गाव नाही आणि पेटीवाल्याशिवाय दशावताराचा खेळ उभा राहत नाही. पेटीचे पितळी सूर हवेने आणि घामाने हळूहळू उतरतात. ते एकेक काढून, कानशीने केसभर घासून पुन्हा जागेवर बसवायचे, हे काम मंजिरीबाई वडिलांकडून शिकल्या होत्या. यंत्राने सूर मोजता येतो, हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्या म्हणत, यंत्र सूर बरोबर आहे की नाही एवढेच सांगते. तो शेजारच्या सुराबरोबर नांदेल की नाही, हे कानच सांगतो.

बारा वर्षांपूर्वी एका दीर्घ तापात, औषधांच्या माऱ्याखाली तो कान गेला. तेव्हा त्यांच्या उजव्या कानामागच्या हाडात एक यंत्र बसवण्यात आले. अशी यंत्रे त्याआधीही होती. ती आवाज टिपत, त्याची विद्युत्स्पंदने करीत आणि ती स्पंदने थेट श्रवणाच्या मज्जातंतूला देत. या नव्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की ते शिकत असे. धारण करणारी व्यक्ती कशाकडे मान वळवते, कशाने दचकते, कशाकडे दुर्लक्ष करते, हे ते रोज पाहत असे आणि त्याप्रमाणे स्वतःत केसभर बदल करीत असे. पहिले सहा महिने मंजिरीबाईंना पेटी म्हणजे पत्र्यावर सांडलेले खडे वाटे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्यांना पुन्हा कोमल गांधार सापडला. त्या दिवशी त्या देव्हाऱ्यापुढे पेटी घेऊन तिन्हीसांजेपर्यंत तोच सूर वाजवीत बसल्या होत्या.

आता त्या यंत्रातील विद्युत्घट संपत आला होता. नवे यंत्र सिद्ध होते; ते अधिक सूक्ष्म होते आणि अधिक वर्षे टिकणारे होते. परंतु ते कोरे होते. मंजिरीबाई सत्तरीला पोचल्या होत्या. पुन्हा दोन वर्षे खडे ऐकावे लागले, तर त्यानंतर कानस धरायला हात उरेल काय, हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही. पण दुरुस्तीसाठी आलेल्या अकरा पेट्यांवर त्यांनी स्वच्छ धुतलेले पंचे घालून ठेवले, त्यावरून अच्युतरावांना तो कळला.

“जुन्यातलं नव्यात उतरवून का घेत नाहीत?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

“दोन्हींची रचनाच वेगळी आहे, काका,” रेवा म्हणाली. “जुन्यातले आकडे नव्यात घातले तर नुसता गोंधळ होईल. नव्याने जुन्याला विचारायचं, ‘हा आवाज आला तर तू काय करशील?’ जुन्याने करून दाखवायचं. असे लाखो प्रश्न. मग नवं शिकतं.”

“म्हणजे पोथी उतरवून चालत नाही. गुरूपुढे बसावे लागते.”

“हो, तसंच! पण गुरू आता म्हातारे झालेत, त्यांच्यात तेवढी शक्ती नाही. म्हणून त्यांची प्रतिकृती करायची.”

रेवाने मग त्यांना सारे समजावून सांगितले. शस्त्रक्रियेआधी काकींच्या यंत्रातली संपूर्ण स्मृती बिनतारी मार्गाने बाहेर काढून घेतली आहे. त्यात उरलेली शक्ती संपली आणि म्हणून काकींचा कान बंद झाला. ती स्मृती आता या राखाडी पेटीत वसवायची. पेटी तिच्यासाठी एक काल्पनिक यंत्र उभे करते. त्यात काल्पनिक घड्याळ, काल्पनिक विद्युत्घट आणि काल्पनिक मज्जातंतू असतात. आतल्या आज्ञावलीला काहीच वेगळे जाणवत नाही. आपण अजून कानामागच्या हाडातच आहोत, अशी तिची समजूत असते.

“पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊकच नसते म्हणा की,” अच्युतराव म्हणाले.

त्यांना ही कल्पना मनापासून आवडली. मात्र एक गोष्ट त्यांना खटकली. ज्याच्या येण्याजाण्याला तिथी नाही तो अतिथी, अशी व्युत्पत्ती ते मुलांना सांगत आले होते. या अतिथीला मात्र कायद्याने तिथी नेमून दिली होती. मनुष्याच्या इंद्रियाची प्रतिकृती हा त्या मनुष्याचाच अंश. म्हणून ती त्याच्याच छपराखाली चालवावी, आणि सातव्या दिवशी सायंकाळी सहाच्या आत ती नष्ट करावी, असा नियम होता. सातव्या दिवशी सहा वाजता पेटी आपण होऊन रिकामी होई. तोवर नवे यंत्र शिकले तर शिकले.

पहिल्या दोन दिवसांत पाहुणा पेटीत सुखरूप उतरला. त्याचे नाव रेवाने ‘मंजिरी’ असे ठेवले. आता त्याला बाहेरच्या जगाशी जोडणे एवढेच उरले होते, आणि तेथेच घोडे अडले.

एका यंत्राने दुसऱ्याशी बोलण्याआधी, दुसरे जागेवर आहे की नाही हे पाहण्यासाठी एक छोटासा संदेश पाठवण्याची रीत आहे. त्या संदेशात मजकूर नसतो. तो पोचला की दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत धाडायचा. अच्युतरावांनी दोन वाक्यांत त्याचे मर्म ओळखले.

“ही तर हाक झाली. आणि परत येते ती ओ.”

“मराठीत तुमच्यापुढे कोणाचं काही चालायचं नाही,” रेवा हसून म्हणाली, आणि तिने पडद्यावरचे शब्द बदलून टाकले. त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून पडद्यावर जे दिसू लागले ते असे : ‘अच्युत हाक मारीत आहे. मंजिरी निरुत्तर.’

मंजिरीबाईंनी ते वाचले तेव्हा त्यांना हसताना ठसका लागला. “चाळीस वर्षांत घरात जे चाललंय तेच या पेटीला कळलंय!”

तिसऱ्या दिवशी रेवाला पहिली अडचण सापडली. पाहुणा यजमानाच्या घरात होता खरा, पण आतल्या खोलीत. तो कोणाला निरोप देई तो यजमानाच्या नावाने. बाहेरच्या कोणाला त्याचा वेगळा पत्ताच नव्हता, त्यामुळे बाहेरून आलेली हाक दारावरच थांबे. नवे यंत्र शेजारी काचेच्या डबीत बसून पेटीमार्फत, म्हणून तिच्याच नावाने, हाका मारी आणि त्या यजमानाच्या ओसरीवरच विरत. चौथा दिवस तिने पेटीच्या आत एक सेतू बांधण्यात घालवला. काल्पनिक तारेचे एक टोक पाहुण्याकडे, दुसरे खऱ्या तारेला जोडलेले. आता पाहुण्याला स्वतःचा पत्ता मिळाला, स्वतःचे दार मिळाले.

पाचव्या दिवशी तिने नियमाप्रमाणे पुन्हा दोन हाका मारल्या. उत्तर आले नाही. तिने पाहुण्याला निजवले, पुन्हा जागे केले, पुन्हा दोन हाका मारल्या. उत्तर आले नाही.

“सेतू तुटला काय?” अच्युतरावांनी विचारले.

“नाही ना! तेच कळत नाही.” रेवाने पडद्यावरच्या दोन आकड्यांवर बोट ठेवले. “हे बघा. पलीकडे पोचलेल्या हाका, चार. परत आलेल्या, शून्य.”

“म्हणजे तिला ऐकू येते आहे. ती ओ देत नाही.”

“यंत्राचं तसं नसतं, काका. एक तर ऐकतं, नाहीतर बिघडलेलं असतं.”

त्या दिवशी दुपारी सत्यवान परब आपली पेटी पाहायला आला. दशावतारी मंडळात तो पेटी वाजवीत असे. मार्गशीर्ष लागला होता, गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या होत्या, आणि त्याची पेटी पंच्याखाली पडून होती. त्याने मंजिरीबाईंना लांबूनच हात जोडले आणि अच्युतरावांना दबक्या आवाजात विचारले, “मास्तरांनू, काकींचो कान कधी येतलो?”

“दबक्या आवाजात कशाला विचारतोस? तिला ओरडलास तरी ऐकू येणार नाही.”

“तसां नाय. माका भीती वाटता म्हणान आवाजच येना नाय.” तो आपल्या पेटीजवळ बसला. “काळी चारची पट्टी धरलंय की पंचमाक कायतरी किरकिरता. मंडळातले म्हणतत, सावंतवाडीत नेऊन दे. मी म्हटलंय, काकींच्या हाताखालची पेटी दुसऱ्याक देवची नाय. तोवर भाड्याची वाजवतंय.”

मंजिरीबाईंनी त्याच्या ओठांवरून काही ओळखले की नाही, कोण जाणे. त्या उठल्या, त्याच्या पेटीवरचा पंचा काढला, भाता हलवला, एक पट्टी दाबली, आणि पेटीच्या लाकडावर आपली हनुवटी टेकवली. थोडा वेळ त्या तशाच राहिल्या. मग त्यांनी मान हलवली आणि पंचा पुन्हा घातला.

“कंप कळतो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “सूर नाही कळत.”

सहाव्या दिवशी रेवाने कोल्हापुराला तीनदा दूरध्वनी केला. तिकडून नियमपुस्तक वाचून दाखवण्यात आले. दोन हाका माराव्यात. उत्तर न आल्यास पाहुण्यास पुन्हा जागे करावे. वीस प्रयत्नांनंतर प्रतिकृती निरुत्तर समजावी. रेवाने चाळीस प्रयत्न केले. जाताना ती उंबरठ्यावर थबकली. “काका, उद्या सहापर्यंत मी आहेच. पण काकींची मनाची तयारी...”

“ती तिची आधीच झाली आहे,” अच्युतराव म्हणाले. “माझी व्हायची आहे.”

सातव्या दिवशी दुपारी एक वाजता अच्युतरावांनी तीन पाने वाढली. रेवा हात धुऊन पाटावर बसली होती. मंजिरीबाई पुढच्या खोलीत पितळी सूर कापडावर मांडून बोटांच्या अग्रांनी चाचपीत होत्या. अच्युतरावांनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली.

“मंजिरी!”

मग क्षणभर थांबून पुन्हा, “मंजिरी!”

तेव्हा त्यांना आठवले. परंतु जीभ निघून गेली होती, ती थांबली नाही. “अगं मंजिरी!”

त्यांनी डोक्याला हात लावला आणि पाटी शोधू लागले.

“काका,” रेवा हळूच म्हणाली, “त्यांना ऐकू येत नाहीये.”

“ठाऊक आहे गं. जिभेची सवय. गेले सात दिवस रोज हेच होते आहे.”

“पण ठाऊक असून तिसरीसुद्धा का मारलीत?”

“तीन हाकांचाच संच आहे तो. पहिल्या दोन हाकांना ती ओ देतच नाही. रात्री तर नाहीच, दिवसासुद्धा नाही. तिच्या वडिलांनी लावलेले वळण. लग्न झाल्यापासून मी तिसऱ्या हाकेलाच जेवायला बसवत आलो आहे.”

रेवाच्या हातातली सोलकढीची वाटी मध्येच थांबली.

“कान बसवल्यानंतरही तसंच?”

“बाराही वर्षे.”

ती पानावरून उठली. उष्टा हात तसाच धरून ती राखाडी पेटीपाशी गेली आणि दुसऱ्या हाताने काही उलगडून पाहू लागली. अच्युतराव वाटी घेऊन तिच्यामागे उभे राहिले.

“जुन्या यंत्रात शक्ती फार थोडी असायची,” ती जणू स्वतःशीच बोलत होती. “म्हणून त्याला एकच दार. आवाज येवो नाहीतर बिनतारी संदेश येवो, आधी त्या दारावर यायचं. कशासाठी पूर्ण जागं व्हायचं आणि कशासाठी नाही, हे दारच शिकायचं. काकी पहिल्या दोन हाकांना हलायच्याच नाहीत. मग दारही शिकलं, की पहिल्या दोन हाका नुसत्या आत घ्यायच्या, मोजायच्या, आणि स्वस्थ बसायचं.” ती वळली. “आणि आम्ही दोनच मारतो. दोन मारतो आणि पुन्हा जागं करतो. जागं केलं की त्याची मोजणी शून्यावर!”

“म्हणजे तुम्ही प्रत्येक वेळी दुसऱ्या हाकेवरून परत फिरलात.”

“चाळीस वेळा.”

तिने हात धुतला. नियमपुस्तकाबरहुकूम लिहिलेल्या आज्ञेतला दोनचा आकडा पुसून तिने तेथे तीन लिहिला. मंजिरीबाई काहीतरी घडते आहे हे ओळखून कापडावरचे सूर तसेच ठेवून आल्या आणि नवऱ्याच्या खांद्याशी उभ्या राहिल्या. पडद्यावर ओळी उमटल्या.

‘अच्युत हाक मारीत आहे. मंजिरी निरुत्तर.’

‘अच्युत हाक मारीत आहे. मंजिरी निरुत्तर.’

‘अच्युत हाक मारीत आहे.’

आणि त्यानंतर, पापणी लवायच्या आत, एकच अक्षर : ‘ओ.’

रेवाने टाळी वाजवली. मंजिरीबाईंनी ते अक्षर वाचले, मग वरच्या ओळी वाचल्या, आणि पदराने तोंड झाकून त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. अच्युतराव वाटीतल्या सोलकढीकडे पाहत राहिले. ती थोडी सांडली होती.

शिकवणीला अडीच तास लागणार होते. तीन वाजून दहा मिनिटांनी ती सुरू झाली. काचेच्या डबीतले नवे यंत्र एकेक आवाज पुढे करी आणि पेटीतला गुरू त्याचे उत्तर देई. त्यात हार्मोनियमचे सूर होते, भांड्यांचे आवाज होते, फाटकाची कडी होती. रेवा पडद्यावर सरकणारी नोंद वाचत होती. साडेचारच्या सुमारास ती वाचता वाचता थांबली आणि तिने पडदा किंचित आपल्याकडे वळवला.

“काय झाले?” अच्युतरावांनी विचारले.

“काही नाही.”

“मी चौतीस वर्षे वर्गात उभा होतो, रेवा. वही कोण झाकते ते मला दिसते.”

तिने पडदा परत वळवला. सर्वाधिक ऐकलेला आवाज म्हणून तेथे ज्या आवाजाची नोंद होती, तो त्यांचाच होता. त्या आवाजाने येणारी पहिली हाक निम्म्याहून मंद करावी, दुसरीही तशीच करावी, आणि तिसरी पूर्ण सोडावी, असे यंत्राने बारा वर्षांत ठरवले होते. खाली पेटीने एक प्रश्न विचारला होता : ‘अनावश्यक विलंब आढळला. नव्या यंत्रात तो वगळावा काय?’

“हे वगळता येतं,” रेवा म्हणाली. “मग नवं यंत्र पहिल्याच हाकेला पूर्ण जागं होईल. तुमचा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ पोचेल. नियमाने हे काकींना विचारायचं. पण त्यांनी अर्जात निर्णयाचा अधिकार तुम्हाला दिलाय. सही आहे.”

अच्युतराव खुर्चीवर बसले. त्यांना वाईट वाटले, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. बारा वर्षे, दिवसातून पंधरावीस वेळा, त्यांनी मारलेल्या दोन तृतीयांश हाका अर्ध्या वाटेवर विझत होत्या. आणि आता केवळ एका होकाराने त्या उजळणार होत्या. मंजिरीला ते कधी कळलेही नसते.

ते पुढच्या खोलीत गेले. मंजिरीबाईंनी सूर पुन्हा कापडात गुंडाळले होते. अच्युतरावांनी पाटी घेतली आणि प्रश्न का विचारतो आहोत हे काही न लिहिता, एवढेच लिहिले : ‘माझ्या पहिल्या दोन हाका तुला ऐकू येत होत्या का?’

“येत होत्या की,” मंजिरीबाई म्हणाल्या. “लांबून आल्यासारख्या. पण येत होत्या.”

‘मग ओ का दिली नाहीस?’

“आज चाळीस वर्षांनी पुन्हा विचारताय?” त्यांनी पाटी बाजूला ठेवली. “बाबा जत्रेत रात्रभर पेटी वाजवायचे आणि पहाटेच्या काळोखात रानातून घरी यायचे. त्यांनी आम्हाला शिकवलं होतं, मागून हाक आली तर पहिलीला ओ देऊ नका, दुसरीलाही नको. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं आणि कंटाळून निघून जातं. ज्याला आपण हवे असतो, तो तिसऱ्यांदा मारतोच.”

‘ही अंधश्रद्धा आहे,’ अच्युतरावांनी लिहिले.

“पहिल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात. म्हणून पुढचं सांगितलं नाही.”

‘पुढचं काय?’

मंजिरीबाईंनी कापडाची गाठ सोडून पुन्हा बांधली. “पुढचं हे, की मी रोज बघायचे. कधीतरी कंटाळाल, दोन मारून गप्प बसाल, असं वाटायचं. भांडलो त्या दिवशी तर नक्कीच वाटायचं. चाळीस वर्षांत तुमची तिसरी एकदाही चुकली नाही.” मग त्यांचा आवाज पुन्हा उंच पट्टीत गेला. “आता पाच वाजत आलेत, तिकडे त्या मुलीजवळ बसा. माझ्यापाशी काय करताय?”

अच्युतराव परत आले तेव्हा प्रश्न पडद्यावर तसाच होता, आणि त्याच्यावर पेटीचे नाव होते, म्हणजे त्यांचेच. यजमान या शब्दाची फोड ते दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगत. यज्ञ करणारे पुष्कळ असतात. ऋत्विज, म्हणजे पुरोहित, दुसऱ्यासाठी करतो, त्याचे क्रियापद वेगळे. ज्या कर्माचे फळ करणाऱ्याच्याच पदरात पडते, त्याचे रूप वेगळे, आणि यजमान हा शब्द त्या दुसऱ्या रूपातून आला. मुलांना हा भेद कधी कळत नसे. आज त्यांना वाटले, तो आपल्यालाही पुरता कळला नव्हता. पहिली हाक उजळली असती, तर तिचे फळ कोणाच्या पदरात पडले असते?

“अनावश्यक,” ते म्हणाले. “हा शब्द कोणी घातला?”

“पेटीनं. तिला वाटलं.”

“तिचे नाव माझे असले तरी मत माझे नाही. वगळू नकोस.”

रेवाने त्यांच्याकडे नीट पाहिले. “नक्की, काका? नंतर बदलता येणार नाही.”

“नक्की. जसे आहे तसे शिकव.”

पाच वाजून चाळीस मिनिटांनी शिकवणी संपली. सहाच्या ठोक्याला पडद्यावरून ‘मंजिरी’ हे नाव गेले आणि ‘अच्युत सज्ज. पाहुण्याची प्रतीक्षा.’ अशी जुनी ओळ परत आली. अच्युतरावांना ती ओळ पाहवेना. त्यांनी रेवाला पेटी आवरायला सांगितले.

शस्त्रक्रिया कोल्हापुरात पार पडली. जखम भरल्यावर यंत्र चालू करण्यात आले. डॉक्टरांनी घंटा वाजवली, कागद चुरगळला, मंजिरीबाईंनी मान हलवली. पण कान खरोखर आला की नाही हे घरीच कळेल, असे डॉक्टरांनीही सांगितले. परतीच्या वाटेवर मंजिरीबाई खिडकीशी बसल्या. गाडीच्या चाकांचा आवाज त्या ऐकत होत्या की नुसत्या खिडकीबाहेर पाहत होत्या, हे अच्युतरावांना ओळखता आले नाही आणि विचारायचे धैर्यही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिरीबाईंनी सत्यवानाच्या पेटीवरचा पंचा काढला. काळी चारच्या पंचमाचा सूर बाहेर काढला, दिव्याशी धरला आणि कानशीने एकदाच घासला. पुन्हा बसवला. डावा हात भात्यावर, उजव्या हाताचे एक बोट पट्टीवर, आणि मान थोडी उजवीकडे झुकलेली. स्वयंपाकघराच्या दारातून अच्युतरावांना त्यांची पाठ तेवढी दिसत होती. पेटीतून एक लांब, शांत सूर निघाला. मग शेजारचा निघाला. मग दोन्ही मिळून.

चहा उकळला होता. त्यांनी हाक मारली.

“मंजिरी!”

मंजिरीबाईंनी तो सूर पुन्हा काढून घेतला होता; त्यावर कानस फिरली.

“मंजिरी!”

कानस फिरतच होती. अच्युतरावांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. पहिल्या दोन हाका पोचतात की नाही, हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी शेगडी बंद केली आणि दाराच्या चौकटीला हात टेकून ते उभे राहिले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते दोनवर थांबले होते. स्वयंपाकघरात पातेल्यातल्या चहाचे शेवटचे बुडबुडे विरले.

पुढच्या खोलीतली कानस थांबली. मंजिरीबाईंनी वळून पाहिले नाही. सूर हातातच धरून त्या म्हणाल्या, नेहमीच्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात :

“अहो, तिसरी राहिली.”